स्वयंसेवक आणि मुक्कामाचा काळ : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१

देशाच्या सामाजिक व आर्थिक उन्नतीसाठी सुशिक्षित तरुणांना ठराविक मुदतीकरिता खेड्यांत पाठवावे, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत मान्यता पावला. ब्रिटनमध्ये १९५८ साली ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था निघाली; अमेरिकेने १९६१ साली ‘पीस कोअर’ स्थापन केले; आणि डिसेंबर १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वतःची स्वयंसेवक योजना मंजूर केली. या योजनांचा इतिहास बहुधा पाठविणाऱ्याच्या बाजूने लिहिला जातो. किती तरुण गेले, त्यांच्यावर किती खर्च झाला आणि त्यांच्या चारित्र्यावर कोणते संस्कार झाले, याची नोंद त्यात सापडते. ज्या गावी ते गेले त्या गावाच्या गरजेशी त्यांच्या मुक्कामाचा मेळ बसला की नाही, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वस्तुतः स्वयंसेवकाची नेमणूक हा दोन पक्षांमधील व्यवहार आहे, आणि त्यातील दुसरा पक्ष बहुधा मुकाच राहिला आहे.

या दुसऱ्या पक्षाच्या बाजूने पाहावयाचे तर एखादे निश्चित ठिकाण डोळ्यांसमोर असणे बरे. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे गाव त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. औंढ्याहून परभणीकडे जाणाऱ्या मार्गावर, पूर्णेच्या खोऱ्यात ते वसलेले आहे. या गावाने काही असामान्य अनुभव घेतला म्हणून नव्हे, तर मराठवाड्यातील शेकडो गावांची जी स्थिती, तीच याही गावाची आहे म्हणून त्याची निवड करावयाची. गाव जागचे हलले नाही. परंतु त्याच्यावरील सत्तेची आणि विद्येची केंद्रे मात्र पुनःपुन्हा पालटली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० पासून महाराष्ट्रात गणला जाऊ लागला. आणि १ मे १९९९ रोजी परभणीपासून निराळा हिंगोली जिल्हा झाला. विद्यापीठाचीही तीच कथा. आरंभी उच्च शिक्षणाचे केंद्र १९१८ साली हैदराबादेस निघालेले उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ हे होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्या विद्यापीठातून विद्यार्थी-स्वयंसेवक यावयाचे, ते अशा रीतीने पाऊण शतकात गावाच्या पुष्कळच जवळ आले. अंतर घटले, तथापि मुक्काम वाढला काय, हाच खरा प्रश्न आहे. स्वातंत्र्योत्तर काळातील नेमणुकीच्या योजनांचे यशापयश स्वयंसेवकांच्या संख्येवर वा उत्साहावर अवलंबून नसून मुख्यतः मुक्कामाच्या मुदतीवर, आणि ती मुदत कोण ठरवितो यावर अवलंबून होते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

शासनाने योजना आखण्यापूर्वी मराठी समाजात सेवाकार्याची एक परंपरा निर्माण झालेली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. अल्प वेतनावर संसार चालवून सर्व आयुष्य देशकार्यास वाहून घेणारे सभासद तयार करणे, हा तिचा हेतू होता. याच समाजातील ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली व पुढे कामगार चळवळीचा पाया घातला. या परंपरेचा मराठवाड्याशी आलेला संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत काम केलेले व्यंकटेश खेडगीकर हे १९२९ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. ही शाळा १९२१ साली निघालेली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ साली त्यांनी आपले कार्यक्षेत्र मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, हलविले व तेथील शाळा नावारूपास आणली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व पुढे त्यांच्याकडे आले, हे सर्वश्रुतच आहे.

नेमणुकीच्या दृष्टीने या उदाहरणाचा अर्थ काय? हिप्परग्यास बाहेरून आलेला हा शिक्षक कोणत्याही योजनेने पाठविलेला नव्हता, आणि त्याच्या मुक्कामास मुदत नव्हती. तो गावात राहिला, गावाच्या अडचणी त्याच्या अडचणी झाल्या, आणि सभा-संमेलनांवर निर्बंध असलेल्या राज्यात त्याची शाळा हेच लोकजागृतीचे साधन ठरले. जे कार्य घडले, ते मुक्कामाच्या दीर्घतेमुळे घडले. परंतु अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. स्वतंत्र भारतापुढील प्रश्न असा होता की, थोड्यांच्या आजन्म सेवेचे रूपांतर पुष्कळांच्या अल्पकालीन सेवेत कसे करावे, आणि ते करताना दीर्घ मुक्कामाचा गुण कितपत राखता येईल.

३

या प्रश्नाचा विचार शासनाने आरंभीच हाती घेतला होता. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने शिक्षणसंस्थांतून ऐच्छिक स्वरूपाची राष्ट्रसेवा सुरू करावी, असे सुचविले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत विद्यार्थ्यांनी एक वर्ष समाजसेवा व श्रमसेवा करण्याच्या आवश्यकतेवर भर देण्यात आला. त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, समाजविकास योजनेचे पहिले ५५ प्रकल्प सुरू झाले आणि ग्रामसेवक हा नवा पगारी कार्यकर्ता खेड्यात आला. त्याच्याकडे एकापेक्षा अधिक गावे सोपविलेली असत, आणि शेतीपासून आरोग्यापर्यंत सर्व खात्यांचा निरोप त्यानेच पोहोचवावा अशी अपेक्षा असे. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने या योजनेचे परीक्षण करून, लोकांचा पुढाकार जागविण्यात ती अपुरी पडल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे पगारी माणूस खेड्यात कायमचा नेमूनही लोकांचा सहभाग आपोआप येत नाही, हे पहिल्याच दशकात स्पष्ट झाले होते.

१९५८ साली पंतप्रधान नेहरूंनी, पदवी घेण्यापूर्वी समाजसेवा आवश्यक करावी हा विचार मुख्यमंत्र्यांपुढे मांडला. त्यातून २८ ऑगस्ट १९५९ रोजी डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नियुक्त झाली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री व नंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष असलेल्या या गृहस्थांना योजनेच्या आर्थिक बाजूची जाण नव्हती, असे म्हणता येणार नाही. तरीही समितीने केलेली शिफारस धाडसी होती. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी, आणि तीत काही लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत व सामान्य शिक्षण यांचा समावेश असावा, असे तिने सुचविले.

या शिफारशीवर झालेली चर्चा मुख्यतः सक्ती व खर्च या दोन मुद्द्यांभोवती फिरली. खर्चाचा बोजा आणि अंमलबजावणीच्या अडचणी या कारणांमुळे शिफारस स्वीकारली गेली नाही. त्यानंतर प्रा. ख्वाजा गुलाम सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील अशा योजनांचा अभ्यास करून राष्ट्रसेवा ऐच्छिक असावी असा अभिप्राय दिला. सक्तीविषयीचा हा निर्णय योग्यच होता, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. अनिच्छेने आलेला तरुण खेड्यास भारच होतो. परंतु सक्ती टाकून देताना तिच्याबरोबर मुदतही टाकून दिली गेली, याकडे फारसे लक्ष गेले नाही. नऊ महिने ते एक वर्ष या मुदतीचे महत्त्व पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मृगाची पेरणी, खरिपाची सुगी, रब्बीची ज्वारी आणि उन्हाळ्यातील मशागत व पाणीटंचाई, हे संपूर्ण चक्र पाहिल्यावाचून कोणासही तेथील जीवनाचे गणित कळत नाही. समितीने सुचविलेल्या मुदतीत हे चक्र बसत होते. त्यानंतरच्या कोणत्याही विद्यार्थी-योजनेत ते पूर्णपणे बसले नाही.

याच काळातील एक विसंगती येथे नमूद करणे आवश्यक आहे. १९६१ ते १९७६ या काळात पीस कोअरचे चार हजारांहून अधिक अमेरिकन स्वयंसेवक भारतात येऊन गेले, आणि त्यांच्या नेमणुकीची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची असे. त्यांस भाषेचे शिक्षण देऊन पाठविले जाई. त्या योजनेमागील परराष्ट्रीय राजकारण निराळे, आणि तिच्या गुणदोषांची चर्चाही निराळी. परंतु परदेशी तरुणास भारतीय खेड्यात दोन वर्षे राहण्याची व्यवस्था होऊ शकत होती आणि भारतीय विद्यार्थ्यास एक वर्ष राहण्याची होऊ शकली नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

४

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा अंतर्भाव करावा असे सुचविले. महाविद्यालयीन पातळीवर तिचे प्रमाण एकूण ६० दिवसांचे असावे, अशी त्याची कल्पना होती. राष्ट्रीय छात्रसेना १९६२ च्या युद्धानंतर विद्यार्थ्यांस सक्तीची झालेली होती. ती पुढे ऐच्छिक करण्यात आली आणि तिच्या जोडीस पर्याय म्हणून नवी योजना आखण्यात आली. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. पहिल्या वर्षी तीत सुमारे ४० हजार विद्यार्थी होते.

योजनेचा साचा असा ठरला की, स्वयंसेवकाने दरसाल १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे, आणि त्या मुदतीत एका निवासी शिबिरास उपस्थित राहावे. हे शिबिर आरंभी दहा दिवसांचे असे, पुढे सात दिवसांचे झाले. देशमुख समितीने महिन्यांत मोजलेली सेवा कोठारी आयोगाने दिवसांत मोजली आणि राष्ट्रीय सेवा योजनेने तासांत. मापाचा हा बदल केवळ प्रशासकीय सोयीचा नव्हता. तासांत मोजलेली सेवा महाविद्यालयाच्या वेळापत्रकात बसविता येते. तिचा हिशेब ठेवता येतो आणि तिचे गुण देता येतात. परंतु त्या वेळापत्रकाचे स्वामी परीक्षा व सुट्ट्या हे असतात. शिबिर केव्हा भरवावयाचे, हे महाविद्यालयाच्या सोयीने ठरते. गावात त्या वेळी कापसाची वेचणी चालू आहे की माणसे ऊसतोडीस बाहेरगावी गेली आहेत, याचा विचार क्वचितच होतो.

याचा अर्थ योजनेचे कार्य निष्फळ ठरले असा नव्हे. तिची पहिली मोठी कसोटी महाराष्ट्राने १९७२-७३ च्या दुष्काळात पाहिली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. मराठवाडा हा त्या आपत्तीचा एक प्रमुख प्रदेश होता. त्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेने ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय घेऊन देशभर शिबिरे भरविली. शहरातील विद्यार्थ्याने पाझर तलावावर माती वाहणाऱ्या स्त्रिया प्रथमच पाहिल्या, आणि खडी फोडण्याच्या कामावर दिवसभर बसलेल्या माणसाच्या हाती काय पडते, हे त्यास कळले. विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने हा लाभ मोठा होता. परंतु दुष्काळग्रस्त गावाच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती विद्यार्थ्यांची शिबिरे नव्हेत, तर मागणाऱ्यास काम देण्याचे तत्त्व. वि. स. पागे यांनी १९६५ पासून पुरस्कारलेल्या या तत्त्वाचे १९७७ साली रोजगार हमी कायद्यात रूपांतर झाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दया आणि हक्क यांतील भेद येथे स्पष्ट होतो. शिबिर गावास दिले जाते. काम गावकऱ्यास मागता येते. स्वयंसेवकाच्या बाबतीत असा मागणीचा अधिकार गावास कधीही मिळालेला नाही.

दीर्घ मुदतीची कल्पना पुरती नाहीशी झाली नव्हती. १९७७-७८ साली राष्ट्रीय सेवा स्वयंसेवक योजना सुरू झाली. तीत पदवीधर तरुणांस निर्वाहवेतन देऊन पूर्ण वेळ नेमण्याची सोय होती. २०१०-११ मध्ये ती राष्ट्रीय युवा कोअरमध्ये विलीन करण्यात आली, आणि एका विकासगटास साधारणपणे दोन तरुण असे प्रमाण ठरले. एका विकासगटात शंभराच्या आसपास गावे असावीत हे ध्यानी घेतले, म्हणजे जवळा बाजारसारख्या एका गावाच्या वाट्यास त्या तरुणाचे किती दिवस येत असतील, याचा अंदाज कोणासही करता येईल. मुदत वाढली, पण क्षेत्र इतके विस्तारले की मुक्कामाचा प्रश्न होता तेथेच राहिला.

५

मुक्कामाच्या प्रश्नाचे खरे उत्तर महाराष्ट्रात शासकीय योजनांच्या बाहेरून आले, आणि ते अनपेक्षित होते. बाहेरच्या माणसास गावात ठेवण्याऐवजी गावातलाच माणूस शिकवून तयार करावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. मराठवाड्याच्या सीमेलगत जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे गावाने निवडलेल्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या. त्यांच्या मुक्कामास मुदत लागत नव्हती, कारण त्या त्याच गावच्या होत्या. प्रसूतीची वेळ असो वा साथीचा ताप असो, त्यांचे वेळापत्रक गावाच्या गरजेनुसारच ठरत असे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत देशभरातून स्वयंसेवक धावून आले. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी सहकाऱ्यांसह येऊन केलेल्या पुनर्वसनकार्याची आठवण व्हावी, असा तो ओघ होता. परंतु ढिगारे उपसल्यानंतरचे काम वर्षानुवर्षे चालणारे होते. घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले गेले, आणि शासनाचे तांत्रिक निकष व घरमालकाची गरज यांमधील दुवा त्या झाल्या. बाहेरून आलेल्यांचा उत्साह ओसरल्यावर हेच मनुष्यबळ गावात उरले.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही एक दिशा दाखविणारे उदाहरण याच प्रदेशात आहे. जवळा बाजाराहून फार दूर नसलेल्या परभणीस १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातील ग्रामीण कार्यानुभवाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यास एका शेतकऱ्याशी जोडून दिले जाते, आणि हंगामातील काही आठवडे त्याने त्या शेतकऱ्याच्या सहवासात काढावयाचे असतात. येथे शेतकरी हा साहाय्य घेणारा नसून शिकविणारा ठरतो, आणि वेळापत्रक निदान अंशतः तरी पिकाच्या अवस्थेशी बांधलेले असते. हा कार्यक्रम ‘सेवा’ म्हणून ओळखला जात नाही, तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. तरीही नेमणुकीची अट तो अधिक प्रामाणिकपणे पाळतो. अर्थात तेथेही ‘हजेरीपुरते खेडे’ ही वृत्ती शिरल्यास त्याचा गाभा नाहीसा होईल, हे सांगणे नको.

६

गावातल्याच माणसास नेमण्याचा हा मार्ग शासनाने पुढे मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्ती आली. ती त्याच गावची रहिवासी असावी, अशी अट ठेवण्यात आली; म्हणजे देशमुख समितीपासून लोंबकळत राहिलेला मुक्कामाचा प्रश्न एका अर्थी सुटला. परंतु तो सुटताना दुसराच प्रश्न उभा राहिला. आशा कार्यकर्तीस कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानण्यात आले, आणि तिला वेतनाऐवजी कामागणिक मोबदला ठरविण्यात आला. जून २०२१ मध्ये, करोनाच्या साथीत, महाराष्ट्रातील आशा कार्यकर्तींनी संप पुकारला तो याच कारणाने. साथीच्या काळात घरोघर जाऊन रुग्णांचा शोध घेणाऱ्या स्त्रीचे काम ऐच्छिक समजावयाचे की नाही, हा त्या संपामागील मूळ प्रश्न होता.

येथे ‘स्वयंसेवा’ या शब्दाच्या अर्थाचा इतिहास तपासावा लागतो. गोखल्यांच्या सभासदाने अल्प वेतन स्वीकारले, ते अधिक वेतनाचा मार्ग मोकळा असताना. महाविद्यालयीन विद्यार्थी आपले १२० तास देतो, तेव्हा त्याच्या पोटापाण्याची व्यवस्था घरी झालेली असते. या दोघांच्या बाबतीत सेवा हा त्याग होय, कारण त्यागण्याजोगे काही त्यांच्यापाशी असते. गावातील शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत तोच शब्द वापरला, म्हणजे त्याचा अर्थ उलटा होतो; ज्याचे दाम द्यावयास हवे ते काम दामावाचून घेण्याचे ते साधन बनते. १९६० च्या सुमारास राज्याने स्वयंसेवकाचा एक वर्षाचा खर्च परवडत नाही म्हणून सुशिक्षितांचा मुक्काम तासांवर आणला. पुढे दीर्घ मुक्कामाची गरज टळेना, तेव्हा तो खर्च मुक्कामास असलेल्या गरीब स्त्रीवरच टाकला गेला. दोन्ही निर्णयांमध्ये चार दशकांहून अधिक अंतर आहे. परंतु त्यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

या इतिहासावरून दोन अनुमाने निघतात. पहिले असे की, विद्यार्थ्यांच्या अल्पकालीन योजनांचे मूल्यमापन त्या विद्यार्थ्यास काय शिकवितात या कसोटीवर करावे. गावाच्या विकासाचे श्रेय त्यांच्या पदरी घालू नये, आणि विकास न झाल्याचा दोषही देऊ नये. त्यांस ‘दत्तक गाव’ म्हणण्यापेक्षा ‘गुरुगाव’ म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. दुसरे असे की, जेथे खरोखर गावाची गरज भागवावयाची आहे, तेथे नेमणुकीची मुदत गावाच्या ऋतुचक्रावरून ठरावी, माणूस निवडण्यात ग्रामसभेचा वाटा असावा, आणि त्या कामास योग्य वेतन असावे. यांपैकी एकही गोष्ट नवी नाही. पहिली देशमुख समितीच्या मुदतीत होती, दुसरी जामखेडच्या अनुभवात होती, आणि तिसरी रोजगार हमीच्या तत्त्वात होती. या तीन गोष्टी महाराष्ट्राच्याच इतिहासात निरनिराळ्या काळी सिद्ध झाल्या. परंतु एका योजनेत त्या एकत्र आल्या नाहीत.

जवळा बाजारच्या नावातच बाजार आहे, आणि बाजाराचा नियम असा की तेथे माल घेणारा तो पारखून घेतो, भाव विचारतो, पसंत नसेल तर परत करतो. स्वातंत्र्यानंतरच्या सात दशकांत अशा गावांकडे कार्यकर्ते, शिबिरे व योजना येत राहिल्या. त्या पारखून घेण्याची मुभा मात्र गावास मिळाली नाही. ती मिळाल्यावाचून स्वयंसेवकांची संख्या कितीही वाढली, तरी नेमणुकीचा हा व्यवहार एकतर्फीच राहील.